दुसऱ्या डोळ्याची राखण

«डॉक्टर, माझा धाकटा भाऊ 24 वर्षांचा आहे. पुण्यात दोन वर्षं एमपीएससीचा अभ्यास करत होता. गेल्या दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. रात्र रात्र जागायचा, आंघोळ टाळायचा, ताट घेऊन खोलीत जायचा. मग घरातसुद्धा काळा गॉगल लावायला लागला. विचारलं तर म्हणायचा, 'माझ्या नजरेत दोष आहे. मी ज्याच्याकडे बघतो त्याचं वाईट होतं.' आईनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. बाबा एका देवऋषाकडे घेऊन गेले. गेल्या आठवड्यात माझी 4 वर्षांची चिऊ तापानं फणफणली. मी दोन रात्रींची जागी होते, तो दारात येऊन उभा राहिला, आणि माझ्या तोंडून गेलं, 'तुझीच नजर लागली असेल, जा आत.' त्याच रात्री त्यानं स्वतःच्या उजव्या डोळ्याला इजा करून घेतली. त्या डोळ्याची दृष्टी गेली. आता तो इस्पितळात अगदी शांत आहे. दुखतंय असंही म्हणत नाही. 'आता चिऊ बरी होईल' एवढंच म्हणाला. दोन दिवसांत घरी सोडणार आहेत. 'नंतर सवडीनं मनोविकारतज्ज्ञांना दाखवा' असं सांगितलंय. बाबा म्हणतात, इथून थेट देवस्थानी न्यायचं. पोलिसांना आम्ही 'पडला' म्हणून सांगितलं. माझ्या एका वाक्यानं हे झालं का? त्याचा दुसरा डोळा राहील का? चिऊ रोज विचारते, मामा कधी येणार. तिला काय सांगू?»

प्रिय ताई,

तुमची ई-मेल आली त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो. त्यातलं तातडीचं आधी पुन्हा लिहिते. इस्पितळाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्या ऐकलेलं निम्मं विसरायला होतं, आणि हे सदर वाचणाऱ्या एखाद्या घरात आज अशीच वेळ आलेली असू शकते. तुमची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्यानं इजा कशी केली हे तुम्ही लिहिलं होतं, ते मी गाळलं. वाचणाऱ्या कुणाला त्याचा उपयोग नाही, पण एखाद्या आजारी माणसाच्या डोक्यात ते रुतून बसू शकतं.

मनोविकारतज्ज्ञांनी वॉर्डात येऊन तपासल्याशिवाय त्याला घरी नेऊ नका. 'सवडीनं दाखवा' असं ज्यांनी सांगितलं त्यांनी डोळ्यापुरता विचार केला. टाके घातले, सूज उतरली, जंतुसंसर्गाची भीती टळली की त्यांच्या बाजूनं काम झालं. पण ज्या आजारानं हा डोळा गेला त्याच्यावर अजून एक गोळीसुद्धा सुरू झालेली नाही. अशा रुग्णांमध्ये दुसऱ्या डोळ्याला खरा धोका असतो, आणि तो आत्ताच्या दिवसांत सर्वांत जास्त असतो. काहींनी दुसऱ्या डोळ्याला इजा केली ती इस्पितळातच, पहिल्या डोळ्याला पट्टी असताना, 'आता शांत झालाय' असं सगळ्यांना वाटत होतं तेव्हा.

तो अगदी शांत आहे असं तुम्ही लिहिलंय. त्या शांतपणाची भीती वाटत असेल तर ती बरोबर आहे, तिचं ऐका. इतकी मोठी जखम होऊनही न विव्हळणं या आजारात वारंवार दिसतं. त्याच्या मनात एक काम होतं, ते झालं, म्हणून तो सैल पडलाय. 'आता चिऊ बरी होईल' हे वाक्य सांगतं की त्याची समजूत जशीच्या तशी आहे. उद्या चिऊला साधी सर्दी झाली तर तो काय अर्थ लावेल, याचा विचार करा.

म्हणून चोवीस तास एक जागं माणूस त्याच्याजवळ हवं. हात लांबवला तर पोहोचेल इतकं जवळ. एकट्या आईवर हे टाकू नका. चुलतभाऊ, मामा, शेजारचे काका, जे कुणी शांत डोक्याचे असतील त्यांच्या तीन-तीन तासांच्या पाळ्या लावा. पाळीच्या माणसानं मोबाइल पिशवीत ठेवायचा. संडास-बाथरूमला गेला तरी कडी लावू द्यायची नाही. नर्सच्या टेबलासमोरची कॉट मागून घ्या, आणि कॉटभोवती काय ठेवायचं, काय नाही, हे त्यांनाच विचारा. चादरीनं हात बांधून ठेवायचा सल्ला कुणीतरी देईल. घरच्यांनी ते करू नये. तो फार अस्वस्थ झालाच तर डॉक्टरांकडे इंजेक्शनं आहेत, आणि बांधून ठेवण्याचा निर्णय कायद्याचे नियम पाळून, थोड्या वेळापुरता, डॉक्टरांनीच घ्यायचा असतो.

डॉक्टरांशी बोलताना 'टेन्शनमध्ये होता, परीक्षेचं दडपण होतं' एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे घरचे लोक लाजेपोटी नेमकं तेच सांगतात आणि मुख्य गोष्ट गिळून टाकतात. तुम्ही मला जे लिहिलं तेच शब्द वापरा: 'आपल्या नजरेनं लोकांचं वाईट होतं असं तो कित्येक महिने म्हणतोय, घरात गॉगल लावतो, आणि भाचीला वाचवायला त्यानं हे केलं.' हे ऐकल्यावर कुठलाही जाणता डॉक्टर खुर्चीतून उठेल. आणि त्याच्याशी बोलताना सरळ विचारा, 'दुसऱ्या डोळ्याबद्दल तुझ्या मनात काय आहे? कुणाचा आवाज ऐकू येतो का? तो आवाज काही करायला सांगतो का?' विचारल्यानं डोक्यात नसलेलं खूळ शिरत नाही. उलट, पुष्कळ रुग्ण विचारलं की सांगतात, कारण तोवर कुणी विचारलेलंच नसतं.

त्या इस्पितळात मनोविकारतज्ज्ञ नसतील तर नेत्रविभाग आणि मनोविकार विभाग एकाच आवारात असलेल्या ठिकाणी हलवून घ्या. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत साधारणपणे दोन्ही असतात. जिल्हा रुग्णालयातही जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे लोक भेटतील. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण आज त्याला डोळ्यांचे डॉक्टरही रोज लागणार, हे ध्यानात ठेवून निवडा. कुठं जायचं ते सुचेना तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. धोका डोळ्यासमोर असेल तर 112.

'तो दाखल व्हायला तयार झाला नाही तर?' असं तुम्ही फोनवर विचारलंत. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात याची सोय आहे. ज्यानं नुकतीच स्वतःला गंभीर इजा केली आहे आणि आजारामुळे ज्याला स्वतःचं हित कळत नाही, त्याला नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, दोन तज्ज्ञांनी वेगवेगळं तपासून, 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. हा प्रतिनिधी त्यानं आधी नेमलेला नसेल तर नातेवाईक ती जागा घेऊ शकतो, म्हणजे आई, बाबा किंवा तुम्ही. आणि अगदी तातडीची वेळ आली तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर प्रतिनिधीच्या संमतीनं 72 तासांपर्यंतचे तातडीचे उपचार सुरू करू शकतो. तेव्हा 'आमच्याकडे सोय नाही, घरी न्या' या उत्तरावर परत फिरू नका.

पोलिसांचंही इथंच सांगते. खरं सांगून टाका. आजाराच्या भरात स्वतःच्या डोळ्याला इजा करणं हा गुन्हा नाही. बहुतेक वेळा तो आत्महत्येचा प्रयत्नही नसतो, कारण मरण्याचा हेतूच नसतो. आणि आत्महत्येचा प्रयत्न म्हणून कुणी पाहिलं, तरी 2017 चा कायदा त्या माणसाला तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच धरून चालतो आणि शिक्षेऐवजी उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुनं 309 कलम उरलेलंच नाही. उलट 'पडला' ही नोंद तशीच राहिली तर पुढच्या प्रत्येक डॉक्टरला चुकीचा कागद मिळेल, आणि चुकीच्या कागदावर चुकीचे निर्णय होतात.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे येते. तो तुम्ही पत्रात एकदा आणि फोनवर चारदा विचारलात.

तुमच्या वाक्यानं हा डोळा गेला नाही. केवळ तुम्हाला बरं वाटावं म्हणून असं म्हणत नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. हे कशानं होतं याबद्दल वैद्यकशास्त्रानं स्वतः खूप काळ चुकीचा विचार केला, आणि ती चूक तुमच्या मनातल्या चुकीसारखीच होती.

ग्रीक नाटकातला राजा ईडिपस तुम्हाला माहीत असेल. नकळत वडिलांना मारून आईशी लग्न केल्याचं समजल्यावर तो स्वतःचे डोळे फोडून घेतो. 1906 मध्ये ब्लाँडेल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं अशा रुग्णांच्या वागण्याला त्या राजावरून नाव दिलं. मग मनोविश्लेषण मांडणाऱ्या फ्रॉइडच्या विचारांचा काळ आला आणि पुढची कित्येक दशकं प्रत्येक रुग्णाच्या मनात दडलेली कामवासना, अपराधभाव, आईवडिलांशी असलेलं नातं असं उकरणं सुरू झालं. आणखी काहींनी धर्मग्रंथांकडे बोट दाखवलं, कारण पाश्चात्त्य देशांतले कितीतरी रुग्ण बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानातलं उजव्या डोळ्याबद्दलचं कठोर वचन सांगायचे. म्हणजे सगळे जण रुग्ण काय बोलला यात कारण शोधत होते.

पण ते वचन जगात रोज लाखो लोक वाचतात आणि डोळे शाबूत घेऊन झोपायला जातात. आपल्याकडे शिवमहिम्न म्हणणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे की सहस्र कमळांतलं एक कमी पडलं तेव्हा विष्णूनं आपलं नेत्रकमळ शंकराला वाहिलं. किती घरांत सोमवारी हे स्तोत्र म्हटलं जातं! म्हणणाऱ्याच्या मनात भक्तीच येते, दुसरं काही येत नाही. गोष्टीत कारण असतं तर असं झालं नसतं.

ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ मॅथ्यू लार्ज आणि ओलाव्ह नील्सन यांनी सहकाऱ्यांसोबत जगभरातल्या अशा नोंदी एकत्र करून पाहिल्या आणि 2008 च्या सुमाराला मांडलं ते फार साधं होतं. डोळ्याला गंभीर इजा करून घेणाऱ्यांतले बहुतेक जण त्या वेळी सायकोसिसमध्ये होते, म्हणजे वास्तवाशी नातं तुटलेल्या अवस्थेत. आणि सायकोसिस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्मे जण आजाराच्या पहिल्याच झटक्यात होते, ज्यांना तोवर एकदाही औषध मिळालेलं नव्हतं. ईडिपस आणि फ्रॉइड बाजूला ठेवा, उपचार न झालेला आजार बघा, असं त्यांनी पुढे 2012 मध्ये थेट लिहिलं. माझ्या मते या विषयावर इतकं उपयोगी दुसरं काही कुणी लिहिलेलं नाही, कारण गूढ शोधत बसणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी करता येण्यासारखं काम दिलं: आजार लवकर ओळखा.

सायकोसिस बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास सुरू होतो. स्किझोफ्रेनियात होतो, तीव्र नैराश्यात किंवा उन्मादातही होऊ शकतो, कधी गांजा किंवा इतर नशेनं, कधी मेंदूच्या आजारानं. म्हणून डॉक्टर त्याच्या रक्ताच्या तपासण्या करतील, कदाचित एमआरआय, आणि पुण्यात कधी नशा केली होती का हेही विचारतील. त्या प्रश्नावर रागावू नका. या अवस्थेत मेंदू साध्या गोष्टींवर भलत्याच महत्त्वाचा शिक्का मारू लागतो. बसमध्ये कुणी वळून बघितलं, टीव्हीवर कुणी काही बोललं, गल्लीत कुणी वारलं, सगळ्याचा संबंध आपल्याशी आहे असं वाटू लागतं. त्यातून एक समजूत घट्ट होते, जी पुराव्यानं, शपथेनं, रागावून, कशानंही हलत नाही. तिला आम्ही संभ्रम म्हणतो. जोडीला आवाजांचे भास असतील आणि ते हुकूम सोडत असतील तर धोका आणखी वाढतो.

आता या समजुतीला कपडे कोणते चढतात, ते त्या घरातल्या, गावातल्या बोलण्यातून येतात. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांच्या तोंडी बायबल आलं, तुमच्या भावाच्या तोंडी 'नजर'. तान्ह्या बाळाला काजळाची तीट लावणाऱ्या, 'दृष्ट लागण्याजोगं' हे कौतुकानं म्हणणाऱ्या भाषेत तो वाढला. तुम्ही ते वाक्य बोललात त्याच्या आधी कित्येक महिने तो गॉगल लावत होता. समजूत पक्की झालेली होती. त्या रात्री तुम्ही काहीही म्हणाला नसतात, नुसतं दार लोटलं असतंत, किंवा प्रेमानं 'ये, चिऊजवळ बस' म्हणाला असतात, तरी मुलीच्या तापाचा त्यानं तोच अर्थ लावला असता. दोन रात्री जागलेल्या आईनं बोललेलं ते वाक्य होतं. त्याबद्दल वाईट वाटणं मी समजू शकते आणि ते तुम्ही त्याला पुढे कधीतरी, तो बरा झाल्यावर, सांगूही शकाल. पण वाईट वाटणं वेगळं आणि दोष आपला असणं वेगळं.

चूक झाली असेल तर ती इतके महिने त्याला डॉक्टरकडे न नेण्याची. त्या चुकीला फक्त तुमचं घर जबाबदार नाही. किती शाळांत, किती अभ्यासिकांत मुलांना हे सांगितलं जातं की सतत झोप उडणं, माणसं तोडणं आणि मग अशी एखादी विचित्र खात्री वाटू लागणं ही आजाराची लक्षणं आहेत? परीक्षेचं वर्ष म्हटलं की यातलं सगळं 'अभ्यासाचं टेन्शन' या एका गाठोड्यात बांधलं जातं.

आणि एक गोष्ट मला तुमच्या मनात ठसवायची आहे. त्याच्या त्या खोट्या जगात चिऊ मरणार होती आणि तिला वाचवायचा एकच उपाय त्याला दिसत होता. त्याचं चिऊवर प्रेम आहे. आजारानं ते प्रेम वापरलं. घरात कुणी त्याला 'वेडा', 'घातकी' म्हणायला लागलं तर हे त्यांना ऐकवा.

उपचारांबद्दल. रिस्पेरिडोन, ओलान्झापिन अशी औषधं साधारण आधी सुरू होतात. झोप आणि अस्वस्थता काही दिवसांत सुधारते, समजूत ढिली व्हायला काही आठवडे लागतात. हा मधला काळ फसवा असतो: जेवतोय, हसतोय, पण आत ती खात्री अजून बसलेली. राखण तेव्हाही चालू ठेवा, आणि ती केव्हा सैल करायची ते डॉक्टरांना ठरवू द्या. दोन औषधं पुरेशी देऊनही फरक पडला नाही तर क्लोझापिन आहे, त्यासाठी नियमित रक्त तपासावं लागतं. धोका फार असेल तर ईसीटी, म्हणजे शॉक ट्रीटमेंट सुचवतील. सिनेमात दाखवतात तशी ती नसते, भूल देऊनच द्यावी लागते, भुलीशिवाय द्यायला कायद्यानंच बंदी आहे. तज्ज्ञांनी सुचवली तर नुसत्या नावाला भिऊन नाही म्हणू नका.

दोन्ही विभागांचे डॉक्टर एकमेकांशी बोलत आहेत ना, हे तुम्हालाच बघावं लागेल. हे मी अनुभवानं सांगते. केसपेपर एका मजल्यावर, रुग्ण दुसऱ्या मजल्यावर असं सर्रास होतं. डोळ्याची सूज उतरवायला पोटातून किंवा शिरेतून स्टेरॉइड दिलं तर काही माणसांत त्यानं झोप उडते, मन भडकतं, क्वचित सायकोसिस वाढतो. डोळ्याची बाहुली मोठी करायला अॅट्रोपिनचे थेंब घालतात, आणि मनोविकाराच्या औषधांमुळे येणारा ताठरपणा घालवायला ट्रायहेक्सिफेनिडिल देतात. दोघांचे काही परिणाम सारखे आहेत, एकत्र फार झाले तर तोंड कोरडं पडणं, जवळचं धूसर दिसणं, अगदी गोंधळल्यासारखं होणं असं होऊ शकतं. जो माणूस डोळ्यावरून आजारी आहे त्याला अचानक चांगल्या डोळ्यानंही धूसर दिसू लागलं तर तो काय समजेल? एका वहीत सगळी औषधं, थेंबांसकट, लिहा आणि ती वही दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवा.

चांगल्या डोळ्याचा आणखी एक धोका शरीराचाच आहे. एका डोळ्याला खोल जखम झाली की क्वचित शरीराची प्रतिकारशक्ती दुसऱ्या डोळ्यावर उलटते. हे बहुधा पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत होतं, पण नंतरही होऊ शकतं. उजेड सहन न होणं, लाली, दुखणं, धूसर दिसणं, तरंगते ठिपके, यातलं काहीही त्या डोळ्यात दिसलं तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. वेळेवर उपचार झाले तर दृष्टी वाचवता येते. एकच डोळा उरलेल्या माणसानं नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या काचांचा चष्मा कायम वापरावा. जखम भरल्यावर, साधारण दीड-दोन महिन्यांनी, कृत्रिम डोळ्याचा विचार करता येतो. तो हुबेहूब बनवून मिळतो. पण घाई नको. त्याचं मन तोवर किती सावरलंय, त्यावर ते ठरवा.

बाबांबद्दल बोलू. त्यांना 'तुमचं सगळं थोतांड आहे' असं सांगायला मी तुम्हाला सांगणार नाही. मुलाचा डोळा गेलेला बाप आहे तो, देवाला धरून उभा आहे. त्यांना म्हणा, 'बाबा, देवदर्शन करू, नवस फेडू, पण हा औषधं सुरू होऊन बरा झाल्यावर, याला बरोबर घेऊन.' गर्दी, जागरण, उपास, अंगात येणाऱ्यांचा कल्लोळ, हे या अवस्थेतल्या मेंदूला सोसणारं नाही, आणि तिथं रात्रभर त्याच्या हातांवर लक्ष कोण ठेवणार? कुणी त्याला भूतबाधा ठरवून साखळीनं बांधायला, मारायला, डोळ्यात किंवा नाकात काही घालायला निघालं तर मात्र थेट अडवा. महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा आहे. आणि देवऋषाकडे नेलं होतं हे डॉक्टरांपासून लपवू नका. तिथं काय सांगितलं गेलं, काही खायला-प्यायला दिलं का, हे आम्हाला कळायला हवं.

एक इशारा पुढच्या काळासाठी. औषधं लागू पडतील आणि एक दिवस त्याला कळेल की नजरेत काही दोष नव्हता. तो दिवस चांगला आहे, आणि फार कठीणही. 'मग मी हे कशासाठी केलं?' हा प्रश्न घेऊन तो बसेल. तेव्हा नैराश्य येऊ शकतं, जिवाचं बरंवाईट करून घेण्याचे विचार येऊ शकतात. त्या आठवड्यांत त्याला 'झालं गेलं विसर' म्हणू नका, जवळ बसा, रडू द्या, आणि डॉक्टरांना लगेच सांगा. औषध बरं वाटू लागल्यावर बंद करायचं नाही. पहिल्या झटक्यानंतर किमान एक-दोन वर्षं तरी ते चालतं, आणि इतकी गंभीर इजा झालेली असताना डॉक्टर ते आणखी लांबवतील. गोळ्या चुकत असतील तर महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत. पुढे कधी तो पुन्हा जागू लागला, आरशासमोर डोळ्यांकडे बघत राहिला, गॉगल परत निघाला, अचानक डोकं भादरून आला किंवा पाप-प्रायश्चित्ताचं बोलू लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

इतर वाचकांसाठी मध्येच थोडं. डोळ्याला इजा करणारा प्रत्येक जण सायकोसिसमध्ये असतो असं नाही. जन्मापासून दृष्टी नसलेली लहान मुलं बोटांनी डोळे दाबतात, पापण्यांचे केस उपटण्याची सवय एक वेगळा आजार आहे, स्वमग्न किंवा बौद्धिक अक्षमता असलेली मुलं त्रासात असताना डोक्यावर-डोळ्यांवर मारून घेतात. त्यांचे उपचार वेगळे आहेत. आणि सायकोसिस असलेल्या बहुसंख्य माणसांच्या हातून असं काहीही कधीच घडत नाही. घरात कुणी स्किझोफ्रेनियावर औषध घेत असेल तर हे वाचून त्याच्याकडे संशयानं बघू नका. पण तो स्वतःच्या डोळ्यांबद्दल काही विचित्र बोलू लागला असेल तर आजच बोला.

आता चिऊ. चार वर्षांच्या मुलीला खोटं सांगितलं की ती स्वतःच काहीतरी गोष्ट रचते, आणि त्या गोष्टीत बहुधा चूक तिचीच असते. ती तापानं आजारी असतानाच मामाला नेलं, हे तिनं बघितलंय. तिला सांगा, 'मामा आजारी आहे. त्याच्या डोक्यात आजार झालाय, त्यामुळे त्याच्या डोळ्याला लागलं. डॉक्टर औषध देतायत. तुझ्या तापामुळे काही झालं नाही.' शेवटचं वाक्य दोन-तीनदा, वेगवेगळ्या वेळी सांगा. वॉर्डात तिला आत्ता नेऊ नका. तिला बघून त्याच्या मनात काय उठेल ते माहीत नाही. भेट केव्हा घडवायची हे मनोविकारतज्ज्ञांना विचारून ठरवा. तोवर तिनं मामासाठी काढलेलं चित्रही आधी त्यांनाच दाखवा, ते हो म्हणाले तर त्याच्या उशाशी ठेवा.

आणि त्याच्यासमोर बसाल तेव्हा त्याच्या समजुतीशी भांडू नका, तिला दुजोराही देऊ नका. 'तुला तसं वाटतंय आणि तू फार घाबरलायस, मला कळतंय. मला तसं वाटत नाही. मी इथंच बसलेय,' एवढं म्हणा. आणि तो गॉगल काढून तुमच्याकडे बघेल तेव्हा नजर चुकवू नका.